अंगणातला निंब आणि दादाची गाडी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पेन हातात आला तो सहीपुरता. हे कोणाच्या हाती लागलंच तर त्याने चुकांबद्दल माफ करावं. दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो, कागदापुढे तेवढा होत नाही, म्हणून लिहिते आहे.

वलगावजवळ आमचं फुलांचं शेत आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. मी हार आणि गजरे करते, घरधनी मोटारसायकलवर अमरावतीच्या बाजारात नेतात. शेताला लागूनच घर. बँकेचं कर्ज काढून बांधलं, म्हणून ते आम्हा दोघांच्या नावावर आहे. स्वयंपाकघर तेवढं मागून टिनाचं काढलं, त्याच्या बाजूला अंगण आणि अंगणात मोठा निंब होता.

त्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्या बाईला मोटारसायकलवर कसं आणायचं, हा प्रश्न पडला. मी अकोल्याला दादाला फोन केला. माझा मोठा भाऊ. त्याचं पंपाच्या मोटारी बांधायचं दुकान आहे, आणि त्याने एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. माहेरी मी कधी काही मागितलं नव्हतं. मागतानाच फोनमधून मागे वहिनीचा आवाज आला, "गाडी हाय का हातगाडी? कोनाले बी द्याले?" दादा हसला आणि म्हणाला, "बाई, मी आणून देतो. आठ दिवस ठेव."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो स्वतः गाडी घेऊन आला. घरधन्यांच्या हातात चावी देत म्हणाला, "जवाईबुवा, दुसऱ्या गिअरले जरा अडते. जोर नका करू." आणि जेवून एसटीने परत गेला.

ऑपरेशन सकाळी झालं. दुपारी आम्ही सासूबाईंना त्या गाडीतून घरी आणलं. ऊन फार होतं, म्हणून गाडी निंबाखाली लावली. संध्याकाळी आकाश पिवळं झालं आणि वारा सुटला. मी शेतातल्या जाळ्या सोडवायला धावले, तेवढ्यात मागे कडाडून आवाज झाला. वळून पाहिलं तर निंब आडवा. अर्धा स्वयंपाकघरावर, अर्धा गाडीवर. टिनं वाकली होती, भिंत एका बाजूने खाली आली होती. गाडीचं छत दबलं होतं आणि पुढची काच फांद्यांत कुठे गेली ते दिसतही नव्हतं.

सासूबाई आत ओरडत होत्या, "काय पडलं? अवं, काय पडलं?"  माझ्या डोळ्यांसमोर फक्त दादाने दिलेली चावी होती.

फोन मीच केला. दादाने आधी विचारलं, "कोनाले लागलं तं नाई?" मी नाही म्हटलं. मग त्याने गाडीचं विचारलं. शेवटी म्हणाला, "बरं. पंचनामा करून घ्या."

आमच्याकडे गारपीट झाली, वादळ आलं, की पहिला माणूस आठवतो तो तलाठी. तलाठी येतो, पंचनामा करतो, मग वरून काय यायचं ते येतं. पिकाचं असंच असतं, त्यामुळे घरधन्यांना वाटलं घराचं आणि गाडीचंही असंच असेल. दादालाही तेच वाटलं. तोही शेतकऱ्याच्याच घरातला. विम्याच्या कंपनीला फोन करायचा असतो, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आली नाही.

सकाळी शेजारी कुऱ्हाडी घेऊन आले. आमच्याकडे कोणाच्या घरावर झाड पडलं तर बोलवावं लागत नाही. फांद्या तोडल्या, टिनं उचलली. गाडी तरी निघेना, म्हणून एकाने ट्रॅक्टर आणला. घरधन्यांनी गाडीच्या पुढे साखळी बांधली, सगळे ओरडले, ट्रॅक्टर निघाला आणि बंपर साखळीसोबत गेलं. गाडी जागची हलली नाही. "गाडीचं थोबाडच आलं हाती!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मी चहा देत होते. मलाही हसू आलं आणि लगेच गाडी दादाची आहे ते आठवलं. मग साखळी मागून बांधली, तेव्हा गाडी निघाली. सासूबाईंची पट्टी सोडायला त्या दिवशी त्यांना मोटारसायकलवरच न्यावं लागलं.

तलाठी यायला आठवडा गेला. त्याने भिंत, टिनं लिहिली. गाडीपाशी आल्यावर मात्र म्हणाला, "हे माझ्याकडं येत नाई बाप्पा." घरधन्यांनी हट्ट केला, तेव्हा झाडाखाली गाडी दबली एवढी एक ओळ त्याने लिहिली. मधल्या दिवसांत मंगळवारी पुन्हा एकदा वारा आला. त्यात आमचं काही गेलं नाही, पण तो मंगळवार पुढे आमच्या गळ्यात पडला.

पंचनामा घेऊन आम्ही दोघं अमरावतीला बँकेत गेलो. तिथे कळलं की कर्ज देताना बँकेने घराचा विमाही काढला होता आणि त्याचे पैसे दरवर्षी आमच्याच खात्यातून जात होते. घरधन्यांचा चेहरा उजळला. "मंग झालं! झाड आमचं, अंगण आमचं, गाडी आमच्या अंगणात. सारंच यातून निघते ना?"

तिथल्या साहेबाने कागद आमच्याकडे फिरवला. "काका, यात तुमची इमारत आहे. भिंती, छत. वादळाने पडलं ते यात येतं. घरातलं सामान तुम्ही घेतलेलं नाही, म्हणजे भांडी, कूलर, मशीन यात नाही. आणि पाहुण्याची गाडी तर नाहीच."

"पन झाड तं आमचं!"

"झाड कोणाचंही असो. गाडीचा विमा गाडीसोबत चालतो, घरासोबत नाही. गाडीवाल्याने फुल विमा काढला असेल तर वादळात झाड पडलेलं त्यात येतं. फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. ती दुसऱ्याला लागलं तर असते, आपल्या गाडीला नाही."

घराच्या अर्जावर त्याने आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. झाड कोणत्या दिवशी पडलं तेही त्यावर लिहिलं होतं. मी सही हळू करते, अक्षर लावत लावत, त्यामुळे ती तारीख माझ्या लक्षात राहिली.

तिथून थेट गॅरेजला गेलो, पंचनाम्यानंतर गाडी तिथे नेऊन टाकली होती. गॅरेजवाल्याने पहिलाच प्रश्न विचारला, "कंपनीले फोन केला काय?" नाही म्हटल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला. "इतके दिवस? आता पैसे देतीन का नाई काय माहीत."

दादाने अकोल्यात त्याच्या एजंटला धरलं. गाडीचा विमा फुल होता, तेवढं एक बरं झालं. कंपनीत कळवलं, आणि नुकसान पाहायला कंपनीचा सर्व्हेअर कोणत्या दिवशी येणार तेही कळलं. त्याच्या आदल्या दिवशी दादा एजंटला घेऊन आमच्याकडे आला. दादाचे डोळे ओढलेले दिसत होते. त्याच्या मुलीला नागपूरला कॉलेज मिळालं होतं, होस्टेलचे पैसे त्याने बाजूला ठेवले होते. आता कंपनीने नाही म्हटलं तर गॅरेजचं बिल त्याच पैशांतून जाणार होतं. हे तो बोलला नाही. वहिनीने मला फोनवर सांगितलं होतं.

एजंट खुर्चीवर मागे रेलून बसला. "ऐका जी. ते पयलं वादळ विसरा. मंगळवारी वारा आलता ना? झाड मंगळवारी पडलं. दोन दिवसात मले फोन आला. संपलं."

घरधनी म्हणाले, "गावात साऱ्याईले माहीत हाय."

"सर्व्हेअर गावाले इचारत बसते काय?"

"आन पंचनामा?"

"तो घराचा हाय. घरातच ठेवा. दाखवूच नका."

"साखळीचं काय सांगाव?"

"कोन्ती साखळी?" एजंट म्हणाला आणि स्वतःच हसला. मग माझ्याकडे वळला. "वैनी, तुमाले काही बोलाचं काम नाई. तुमी फक्त चहा ठेवजा."

मला आधी बरंच वाटलं. बोलायचं काम नाही, यापेक्षा मला काय हवं? पण ते गेल्यावर भाकरी थापता थापता बँकेतला कागद डोळ्यांसमोर आला. एकच झाड. घराच्या कागदावर त्याची एक तारीख, त्याखाली माझी सही, आणि गाडीच्या कागदावर दुसरी तारीख. जेवताना मी घरधन्यांना म्हणाले, "बँकेत आपण वेगळी तारीख दिली ना जी."

"ते घराचं हाय. हे गाडीचं हाय. दोन वेगळ्या कंपन्या."

"पन झाड तं एकच."

त्यांनी ताटावरून वर पाहिलं. "तू काहून डोकं लावून राह्यली? भावाची गाडी हाय ना तुह्या? मंग गप बस."

मी त्यांना भाकरी वाढली. रात्रभर दादाचा चेहरा दिसत होता. खोटं बोललं तर सापडायची भीती, खरं बोललं तर कंपनी उशिराचं कारण धरून हात वर करेल याची भीती. दोन्हीकडे दादाच बुडत होता.

सर्व्हेअर आला तो गॅरेजमध्ये गाडी पाहूनच. तरुण माणूस, मोबाईलवर फोटो काढत आला. निंबाचं बूड पाहिलं, भिंत पाहिली. एजंट त्याच्या मागेमागे बोलत होता. झाड मंगळवारी पडल्याचं घरधन्यांनी सांगितलं, पण जमिनीकडे पाहून. दादा बाजूला जाऊन उभा राहिला. सर्व्हेअरने लिहून घेतलं आणि ओसरीवर खाटेवर बसला. सासूबाई तिथेच काळा चष्मा लावून बसल्या होत्या. त्यांना कोणी काही शिकवून ठेवलं नव्हतं. त्यांचं काम पडेल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

"आजी, झाड पडलं तेव्हा घरातच होता का?"

"होती तं. कुठं जाईन? डोयावर पट्टी. असा कडाड आवाज आला, मले वाटलं माया डोयाच फुटला!"

तो हसला. "पट्टी कधी सोडली?"

"दुसऱ्याच दिवशी. डाक्टरनं बोलावलं होतं."

"मग गेल्या कशाने?"

"याच्या फटफटीवर. हाडं खिळखिळी झाली. गाडी तं निंबाखाली होती ना बाप्पा!"

घरधनी खोकले. सासूबाईंनी काळा चष्मा त्यांच्याकडे वळवला. "काय झालं रे? पानी पे."

सर्व्हेअरचं हसणं थांबलं. त्याने ऑपरेशन कधी झालं ते विचारलं. घरधन्यांनी एजंटकडे पाहिलं. मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, झाड मंगळवारी पडलं, असं हे म्हणतात. बरोबर आहे?"

 घरधनी माझ्याकडे पाहत होते, एजंट पाहत होता. दादा पाहत नव्हता. मला वाटलं आपण आत जावं. पण आत गेले असते तर तेही उत्तरच झालं असतं.

"नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की त्याने पुन्हा विचारलं. "नाही. आईंचं ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी पडलं. आम्ही तलाठ्याची वाट पाहिली. कंपनीला सांगायचं असतं ते आम्हाला माहीत नव्हतं." आणि मग थांबताच येईना. "बंपर झाडाने नाही तुटलं. ट्रॅक्टरची साखळी लावली होती."

"वैनी घाबरल्या जी," एजंट मध्येच म्हणाला. "त्याईले काई समजत नाई."

"घाबरल्या आहेत, ते दिसतंच आहे," सर्व्हेअर म्हणाला. "पंचनामा झाला का वहिनी?"

 मी ट्रे खाली ठेवला, आत जाऊन कागद आणला. त्याने तो वाचला, फोटो काढला. गाडी इथे कशी आली तेही विचारलं. भावाकडून मागून आणली हे सांगताना मला वाटलं की हे शेवटचं, आता सगळंच गेलं. पण तो म्हणाला, "भाडं घेतलं नाही ना? चालवणाऱ्याकडे लायसन आहे ना? मग उसनी दिली म्हणून काही बिघडत नाही." उशीर का झाला ते खरं खरं लिहून द्या, पंचनामा जोडा, देतील की नाही ते मी सांगू शकत नाही, असंही म्हणाला. चहा तसाच ठेवून गेला.

तो फाटकाबाहेर पडला तसा एजंट माझ्यावर उलटला. "बुडवलं तुमी भावाले! हातचं होतं, घालवलं."

दादा उठला.  त्याने चप्पल घातली, सासूबाईंना नमस्कार केला आणि न जेवता निघून गेला. माझा भाऊ माझ्या घरून उपाशी कधी गेला नव्हता.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहिणं मला जमणार नाही. घरधनी फुलं न्यायचे, पैसे माझ्यापुढे ठेवायचे, बोलायचे नाहीत. कामाचं बोलणं सासूबाईंमार्फत व्हायचं, आणि त्या दोघांवरही चिडायच्या. "मी काय टपाल हाव काय तुमचं?" दादाचा फोन नाही. मी केला तर वहिनी उचलायची. गॅरेजचं बिल भरून त्याने गाडी नेली होती, होस्टेलच्या पैशांतून. मुलीला सुरुवातीचे काही दिवस मैत्रिणीच्या खोलीवर राहावं लागलं. वहिनी म्हणाली, "तुमी खरं बोलल्या ना बाई? आता पोट्टीची फी बी त्याच खऱ्यानं भरा."  तिचं चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही.

घराच्या विम्याचा माणूस येऊन गेला. भिंतीचे आणि छताचे पैसे आले, सगळे नाही, पण टिनं चढली. फुटलेल्या भांड्यांचं आणि चेपलेल्या कूलरचं काही आलं नाही. ते येणार नाही हे आता मला माहीत होतं, म्हणून मी वाट पाहिली नाही. गाडीचं मात्र काहीच कळत नव्हतं. कंपनीने आधी एक कागद मागितला, मग दुसरा. राखी मी पोस्टाने पाठवली. पहिल्यांदाच.

राखीनंतर एका दुपारी फोन वाजला. दादा होता.

"बाई, आलं."

मी हातातला गजरा खाली ठेवला.

"सारं नाई आलं. पन आलं." मग तो वाचून दाखवत गेला, जसं लहानपणी मला धडा वाचून दाखवायचा तसं, थांबत थांबत. काचेचे पूर्ण दिले होते. पत्र्याचे गाडीच्या वयाप्रमाणे कापून. प्लास्टिक आणि रबर निम्मं. वरून एक ठरलेली रक्कम प्रत्येक क्लेममध्ये मालकालाच सोसावी लागते, ती कापली. बंपर आणि त्याच्या मागची पट्टी खोडून टाकली होती, कारण ते ओढताना तुटलं, वादळात नाही. "आन एक सांगतो," दादा म्हणाला. "कंपनीवाला म्हने, घराचा आन गाडीचा दिवस जुळते का ते त्याईनं पाह्यलं. मंगळवार लिहिला असता तं एक पैसा भेटला नसता." मग म्हणाला, "त्या दिवशी मी जेवून जाले पाह्यजे होतं."

मी म्हणाले, "उरलेले आमी देऊ."

"राहू दे वं."

"नाही दादा. गाडी मी मागितली होती."

संध्याकाळी घरधन्यांना सांगितलं. ते झेंडूच्या वाफ्यात पाणी सोडत होते. त्यांनी फावडं बांधावर टेकवलं. मग म्हणाले, "साखळी म्या बांधली. त्यातलं अर्धं माहं." इतक्या आठवड्यांनी ते सरळ माझ्याशी बोलले. मी पदराने तोंड पुसलं आणि दुसऱ्या वाफ्याची माती सारली.

गणपतीत हार केले, दसऱ्याला झेंडू गेला, दिवाळीत तर बोटं सुजेपर्यंत माळा ओवल्या. थोडं थोडं अकोल्याला पाठवत गेले. दादा दरवेळी राहू दे म्हणायचा, वहिनी काही म्हणायची नाही, पण पैसे पोचल्याचं कळवायची. त्यातून मला कळायचं की ती मोजते आहे. तिने मोजावं असंच मला वाटत होतं.

त्या पैशांचा शेवटचा हप्ता भाऊबीजेला राहिला. अकोल्याच्या एसटीत मूर्तिजापूर गेलं तेव्हापासून मनात एकच धास्ती. मी ओवाळणार, दादा ताटात ओवाळणी टाकणार, आणि हेच पैसे त्याने ताटात परत टाकले तर? ओवाळणीला नाही म्हणता येत नाही. मग ते फिटलेच नाहीत.

म्हणून ओवाळायची वाट मी पाहिलीच नाही. दादा अंघोळ करत होता तेवढ्यात स्वयंपाकघरात गेले. वहिनी करंज्या तळत होती. मी नोटा तिच्यापुढे धरल्या.

"आज सणाच्या दिवशी?" ती म्हणाली.

"आजच घ्या. दादाच्या हाती नको. तो परत टाकेल."

तिने माझ्याकडे पाहिलं, झाऱ्या बाजूला ठेवला, हात पुसले आणि नोटा मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या.  डब्यांच्या मागच्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि झाकण लावलं.

"झाले बाई," ती म्हणाली. "सारे झाले."